अरण्य खरेच निर्जन असते का?

अनुवादाची सेवा करताना कधी कधी एखादा शब्द अडून बसतो. मध्यंतरी माझ्याकडे एका साधकाचे इंग्रजी प्रवासवर्णन आले होते. भूमध्य समुद्रातील कोर्सिका बेटावर कास्तानिच्चा नावाचा जंगलांनी भरलेला डोंगराळ प्रदेश आहे, तिथे ते चार दिवस राहून आले होते. तिथल्या शांततेविषयी त्यांनी फार मनापासून लिहिले होते, आणि त्या अरण्याला 'अनटच्ड' म्हटले होते. मी 'निर्जन, मानवी स्पर्श न झालेले अरण्य' असे लिहिले आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले. वाक्य कानाला छान वाटत होते.

त्याच आठवड्याच्या शेवटी आम्ही चौघी मैत्रिणी बिळिगिरी रंगन बेट्टाला गेलो. बंगळुरूहून साधारण १८० किलोमीटरवर, चामराजनगर जिल्ह्यात ही डोंगररांग आहे. बी. कॉम.ची परीक्षा नुकतीच संपली होती आणि खरे सांगायचे तर मला माणसांपासून दूर जायचे होते. सकाळी देवळाकडे जाताना एका वळणावर धुक्यात बुडालेली दरी दिसली. फोटो घ्यायला मोबाइल काढला, तर समोरून एक आजी सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन येत होत्या. मी कन्नडमध्ये म्हटले, "अज्जी, जरा बाजूला थांबता का?" त्या हसल्या आणि मोळीसकट रस्त्याकडेच्या घाणेरीच्या काट्यांत जाऊन उभ्या राहिल्या. फोटो झाल्यावर जवळ येऊन म्हणाल्या, "बघू." मी दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "यात कोणीच नाही गं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण दिवसभर ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

त्या आजी सोलिग समाजाच्या होत्या. हा समाज या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. आपण 'जंगल' म्हणून जे बघतो, त्यात त्यांच्या प्रत्येक कुळाचा स्वतःचा प्रदेश असतो, त्याला ते 'येल्ले' म्हणतात. त्यात कुळाचा देव असतो, देवी असते, झरा असतो, पूर्वजांना पुरल्याची जागा असते. देवळातला रंगनाथ तर त्यांचा जावईच! त्याने सोलिगांच्या मुलीशी लग्न केले अशी कथा आहे, म्हणून ते देवाला 'भाव' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे दाजी. या देवाला चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण तो रानात हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. जिथे देवसुद्धा सासुरवाडीला आल्यासारखा राहतो, त्या जागेला निर्जन कसे म्हणायचे?

पण कागदोपत्री ती जवळजवळ निर्जन झाली होती. १९७४ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झाले. सोलिगांची फिरती शेती आणि शिकार बंद झाली, त्यांना ठरावीक वस्त्यांमध्ये स्थिर व्हावे लागले. २००६ मध्ये मध, आवळा अशा वस्तू विक्रीसाठी गोळा करण्यावरही बंदी आली. २०११ च्या सुरुवातीला व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली पंचवीस वस्त्यांना सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळालेला हा देशातला पहिला समाज मानला जातो. वाघ हवा, आणि त्याला मोकळे रान हवे, हे मलाही पटते. माणूस राहिला की जंगल सुखरूप राहते असेही नाही. त्या वळणावर पडलेल्या चिप्सच्या पिशव्या आमच्यासारख्यांच्याच होत्या. पण सोलिग म्हणतात की पूर्वी ते वर्षाच्या सुरुवातीला पालापाचोळा जाळत असत, ते बंद झाल्यावर घाणेरी माजली. आजी ज्या काट्यांत उभ्या राहिल्या, ते काटेही असे 'निर्जन' जंगलाचेच.

मग एकांताचे काय? साधनेला एकांत लागतो हे आपण सगळे जाणतो, गीतेच्या तेराव्या अध्यायातही ज्ञानाच्या लक्षणांत तो सांगितला आहे. तुकोबाही भंडारा डोंगरावर जाऊन बसत. पण त्यांच्यासाठी जिजाई रोज भाकरी घेऊन तो डोंगर चढत असे, आणि तिच्या पायात काटा रुतल्याची आठवण आपली परंपरा अजून सांगते. म्हणजे त्या एकांताच्या हिशेबात एक माणूस होते. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर ती बाजू वहीत लिहिलेली होती. माझ्या फोटोत मी ती खोडली होती. मला शांतता हवी होती, आणि ती शांतता कोणाला तरी काट्यांत उभे करून मिळत होती. ती माझी साधना की नुसती सोय, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

घरी आल्यावर मी कास्तानिच्चाविषयी वाचले. त्या प्रदेशाचे नावच चेस्टनटवरून पडले आहे. सोळाव्या शतकात जेनोआच्या राज्यकर्त्यांनी लोकांना ही झाडे लावायला लावली, आणि पुढे कित्येक पिढ्या तिथले लोक चेस्टनटच्या पिठावर जगले. नंतर गावे ओस पडत गेली. मागे उरलेली माणसांच्या हातची झाडे आज पाहुण्याला आदिम अरण्य वाटतात.

आता प्रश्न अनुवादाचा होता. मूळ लेखकाचा शब्द बदलायचा मला अधिकार नाही. त्यांनी अनुभवलेली शांतता खोटी नव्हती. मी 'मानवी स्पर्श न झालेले' तसेच ठेवले, कारण ते त्यांचे आहे. 'निर्जन' मात्र मी माझ्या पदरचे घातले होते, ते काढले. आणि खाली चेस्टनटविषयी दोन ओळींची तळटीप जोडली. तपासणाऱ्या ताईंनी फोन करून विचारले, "तळटिपा कोण वाचतं गं?" मी त्यांना आजींची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "राहू दे."