एकदा घेतली की दोनदा?

चिंतेच्या आजारावर रोज रात्री गोळी घेणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: घेतलेली गोळी चुकून पुन्हा तर घेतली नाही ना? शहरात निदान चौकातल्या औषधाच्या दुकानात विचारता येतं. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या, सालेकसा तालुक्यातल्या दरेकसात रात्री उशिरा कुणाला विचारायचं? मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रभर जातात, पण मोठं रुग्णालय गोंदियाला. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा २०१६ मध्ये सुरू झालेलं. जंगलपट्टीतल्या माणसाला अशी शंका सकाळपर्यंत उराशी धरून बसावं लागतं, आणि चिंतेच्या रुग्णाला नेमकं तेच जमत नसतं.

याला विसरभोळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलेली गोष्ट मेंदू वेगळी टिपून ठेवत नाही. कालची गोळी आणि आजची गोळी आठवणीत एकमेकींत मिसळतात. मग पाकीट उघडून गोळ्या मोजणं सुरू होतं. एकदा, दोनदा, दहादा. नेदरलँड्समधले मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण फारशी चुकली नाही, पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास मात्र घसरला. जास्त तपासणाऱ्याला खात्री कमी वाटते, ती अशी.

पुढं शरीरही साक्ष देऊ लागतं. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो आणि ‘गोळी चढली’ असं वाटतं. खरं तर चिंतेवरचं क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम हे औषध जास्त झालं तर झोप येते, जीभ जड होते, तोल जातो. नुसती धडधड बऱ्याचदा भीतीचीच असते. एस्सिटालोप्रामच्या जास्तीच्या गोळीनं मात्र मळमळ, घाम, थरथर होऊ शकते. म्हणून केवळ लक्षणांवरून घरच्या घरी निकाल लावू नये.

रुग्णाला धीर देणारी माहिती मात्र आहे, आणि ती त्याला आधीच मिळायला हवी. एस्सिटालोप्रामची नेहमीची मात्रा दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम असते. १० ची गोळी चुकून दोनदा घेणाऱ्या निरोगी प्रौढाच्या पोटात तेवढंच औषध गेलेलं असतं, जेवढं अनेक रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज घेतात. क्लोनाझेपामचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे घेतली की नाही याची शंका असेल, तर त्या रात्री पुन्हा न घेता पुढच्या ठरल्या वेळेची वाट पाहणं बहुधा सुरक्षित ठरतं. फिट्सच्या आजारासाठी तीच गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारावं.

पण ‘काही होत नाही’ असं सरसकट सांगणं धोक्याचं आहे. सोबत दारू घेतलेली असेल, दुसरी झोपेची किंवा अफूवर्गातली वेदनाशामक गोळी असेल, माणूस वृद्ध असेल, गोळी लहान मुलाच्या पोटात गेली असेल, तर हिशेब बदलतो. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, प्रोप्रानोलोल यांची जास्त मात्रा हृदयावर येते. दमेकऱ्याला प्रोप्रानोलोल मुळातच घातक ठरू शकतं. माणूस जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर लगेच १०८ ला फोन करावा. कुणी जाणूनबुजून बऱ्याच गोळ्या घेतल्या असतील, तर तो बरा दिसत असला तरी थांबू नये. दवाखान्यात न्यावं आणि एकटं सोडू नये.

दुहेरी मात्रेची सगळ्यांत दुर्लक्षित कारणं मात्र रुग्णाच्या डोक्याबाहेर आहेत. एकच औषध वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. सरकारी दवाखान्यातून मिळालेली गोळी आणि खासगी डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आतून एकच असू शकते. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात. त्यांच्या जोडीला सुटं क्लोनाझेपाम चालू राहिलं की रोजच दुप्पट. पाकिटावरची नावं इंग्रजीत, चिठ्ठीवर ‘१-०-१’; घरी मराठी, हिंदी, गोंडी बोलणाऱ्याला त्यातून काय कळावं? त्यात रोजचा क्रम मोडला की गोंधळ वाढतो. माघ पौर्णिमेला दरेकसाजवळच्या कचारगडच्या गुहांकडे गोंडी भाविकांची मोठी यात्रा भरते. प्रवास, जागरण, बदललेली जेवणाची वेळ, अशा दिवसांत गोळी हुकते किंवा दुबार जाते.

उपाय साधे आहेत. वारांच्या कप्प्यांची डबी, नाहीतर पाकिटावर प्रत्येक गोळीशेजारी पेनानं लिहिलेली तारीख. कप्पा रिकामा दिसला की विषय संपला, पुन्हा मोजायचं नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जास्तीच्या मात्रेबद्दल दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर कधीही विचारता येतं.

मागणी आहे ती डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांकडे. दूरच्या गावाहून आलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर त्यांनी मराठीत दोन ओळी लिहून द्याव्यात: गोळी हुकली तर काय करायचं, आणि चुकून दोनदा घेतली तर काय करायचं. त्याला एक मिनिट लागतं.