कोणता टोमॅटो लावावा?

बियांच्या पाकिटावर एका कोपऱ्यात 'एफ-1' छापलेलं असतं. घरच्या कुंडीसाठी टोमॅटोचं बी घेणारे बहुतेक जण ते वाचत नाहीत, आणि वाचलंच तर त्यांना मोटारींची शर्यत आठवते. अर्थ साधा आहे. पिढ्यान्‌पिढ्या स्थिर केलेली दोन वेगवेगळी वाणं आईबाप म्हणून घेतली, त्यांचा संकर केला, आणि त्या संकराची पहिली पिढी या पाकिटात भरली. ही पिढी एकसारखी निघते आणि जोमदार निघते. पण तिच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर आजी-आजोबांचे गुण वाटेल तसे वाटले जातात. एक झाड बुटकं, एक उंच, एकाची फळं गोल, एकाची लांबट. मेंडेलने वाटाण्यात हेच मोजलं होतं. दुसरं पाकीट सरळ वाणाचं असतं. पुसा रुबी, अर्का विकास, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची धनश्री किंवा भाग्यश्री. यांचं बी धरलं की पुढच्या वर्षी तेच झाड परत येतं.

मग बाल्कनीतल्या चार कुंड्यांत काय लावायचं? माझ्या ओळखीतले बागकामवाले याचं उत्तर दोन प्रकारे देतात. एक गट म्हणतो, जास्त येईल ते लाव, उगाच तत्त्वज्ञान नको. दुसरा म्हणतो, देशीच लाव, हायब्रीड म्हणजे विष. मला वाटतं, इथे खरोखरच एक नैतिक प्रश्न आहे. फक्त दुसऱ्या गटाला तो जिथे दिसतो तिथे तो नाही.

'देशी'चंच घ्या. टोमॅटोचे रानटी पूर्वज पेरू-इक्वेडोरकडचे. त्याला माणसाळवलं मेक्सिकोच्या बाजूला, नावही तिथल्या नावात्ल भाषेतलं. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या काळात आला आणि बराच काळ परकाच राहिला. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो नसतो. विदर्भात त्याला भेदरं म्हणतात आणि त्याची चटणी इतकी मुरलेली आहे की तो बाहेरचा आहे हे कुणाला खरं वाटणार नाही. म्हणजे 'गावठी' ही टोमॅटोची जात नाही, त्याचा मुक्काम आहे. आणि ज्या पुसा रुबीला आज जुनं, साधं, सरळ वाण म्हणून मान मिळतो ती स्वतः 'इम्प्रूव्हड मेरुती' आणि 'सू' या अमेरिकी वाणाच्या संकरातून निवडत निवडत स्थिर केलेली आहे. उलट अर्का रक्षक हा पक्का एफ-1 संकर, पण तो बंगळुरूच्या सरकारी बागायती संशोधन संस्थेने काढलेला. संकरित म्हणजे कंपनीचं आणि सरळ म्हणजे पूर्वजांचं, ही वाटणी पहिल्याच पायरीवर मोडते.

हायब्रीडला विष म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. टोमॅटोचं संकरित बी प्रयोगशाळेत परीक्षानळीत तयार होत नाही. ते हाताने होतं. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमध्ये भाज्यांचं बीजोत्पादन चालतं, कर्नाटकात राणेबेन्नूरकडेही. फूल उमलायच्या आधी, पाकळ्या अजून फिकट पिवळ्या असतानाच, चिमट्याने कळी उघडून आतला पुंकेसरांचा शंकू अख्खा उपटून काढायचा. मधला नाजूक स्त्रीकेसर दुखवायचा नाही. मग नरवाणाच्या फुलांतून गोळा केलेले पराग त्या केसराच्या टोकाला लावायचे. काम झालेलं फूल ओळखू यावं म्हणून हिरव्या निदलांपैकी एकदोन कातरून ठेवायची. एकेक कळी अशी. हे काम मुख्यतः बायका करतात, मान खाली घालून, शेडनेटच्या उकाड्यात. तुमच्या पाकिटातलं प्रत्येक बी कुणाच्या तरी चिमट्याखालून गेलेलं आहे. त्यांना मिळणारी मजुरी आणि ग्रॅमच्या हिशेबाने विकल्या जाणाऱ्या पाकिटाची किंमत यांच्यातल्या अंतरावर जरूर बोलावं. पण त्या वस्तूला 'कृत्रिम' म्हणणं मला त्या हातांचा अपमान वाटतो.

आता शेतकरी. माझे एक मामा जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतात, संकरितच. ती आंबट, पातळ सालीची, चपटी, खाच पडलेली फळं आता का लावत नाहीस, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. मामा म्हणाले, "अरे, ती नारायणगावला पोचेस्तोवर क्रेटमध्येच रस्सा होते. तू पगारावर जेवतोस. तुझं झाड गेलं तर तू भाजीवाल्याकडून आणशील. माझं गेलं तर?"

या 'तर'मध्ये बरंच काही आहे. 2014 साली टूटा ही नागअळी महाराष्ट्रात दिसली. 2020 च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक भागांत फळांवर रंगांचे पट्टे पडायला लागले. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. पांढरी माशी पानं आखडवणारा लीफ कर्ल विषाणू घेऊन दर हंगामात येतेच. सगळं वाचवून माल बाजारात नेला, तर ज्या पिकाने 2023 च्या जुलैमध्ये शंभरी कधीच ओलांडली होती तेच पीक दुसऱ्या महिन्यात रस्त्याच्या कडेला ओतून द्यावं लागतं. अशा माणसाला जाड सालीचं, प्रवास सोसणारं, रोगाला तोंड देणारं, एकदम तोडणीला येणारं बी हवं असतं. त्याला चवीवर व्याख्यान देणं सोपं आहे, कारण व्याख्यानाचा खर्च तो भरणार असतो.

पण चव गेली हेही खरंच आहे, नुसती म्हाताऱ्यांची कुरकुर नाही. कच्च्या टोमॅटोचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, पूर्वी गडद हिरवे असत. गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभरच्या पैदासकारांनी मुद्दाम एकसारखी फिकट हिरवी फळं निवडली, कारण ती एकसारखी लाल होतात आणि तोडणी कधी करायची ते नेमकं कळतं. 2012 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने दाखवलं, की ही एकसारखी फिकट फळं एका जनुकाच्या बिघाडामुळे येतात. ते जनुक धड असलं की फळात हरितकणांची वाढ जास्त होते आणि त्यातून फळाला थोडी साखर मिळते. पैदासकार रंग निवडत होते, आणि रंगासोबत गोडवा नकळत वजा होत होता. पुढे 2017 मध्ये जुन्या, नव्या आणि रानटी मिळून जवळजवळ चारशे वाणांची चव तपासली गेली, तेव्हा नव्या वाणांत वासाची अनेक महत्त्वाची द्रव्यं कमी झालेली आढळली.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की इथे दोषी कुणी सापडत नाही. पैदासकाराने शेतकऱ्याला हवं ते दिलं. शेतकऱ्याने व्यापाऱ्याला हवं ते पिकवलं. व्यापाऱ्याने आपण दाबून, रंग बघून जे उचलतो ते आणलं. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणा होता. सॉफ्टवेअरमध्ये हे रोज दिसतं. जे मोजता येतं ते सुधारत जातं आणि जे मोजायचं कुणाच्या कामातच नव्हतं ते हळूहळू गळून जातं. बैठकीत सगळे हिरवे आकडे दाखवतात, आणि वापरणारा वैतागलेला असतो.

दोषी नसला, तरी जबाबदारी कुणाची असू शकते का? मला वाटतं, असू शकते: ज्याचं काही बिघडत नाही त्याची. शेतकऱ्याला परवडत नाही ते अपयश मला परवडतं. माझ्या चारही कुंड्या गेल्या तर मी दोन वेळा हळहळेन आणि खाली जाऊन अर्धा किलो टोमॅटो आणेन. ही मोकळीक मी कमावलेली नाही. ती माझ्या पगारातून आणि मामांसारख्यांच्या क्रेटमधून आलेली आहे. ज्याच्याकडे अशी फुकटची मोकळीक आहे त्याने पुन्हा उत्पन्नासाठीच वाण निवडावं, हे मला काटकसरी माणसाने लॉटरीचे पैसे मुदत ठेवीत टाकण्यासारखं वाटतं. चुकीचं नाही, पण त्या पैशाने जे करता आलं असतं ते राहून जातं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: तुझ्या एका कुंडीने काय फरक पडतो? डेरेक पार्फिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने 1984 च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात याच्याशी झटापट केली आहे. वाळवंटात पुष्कळ जखमी माणसं तहानेने तळमळताहेत, तितक्याच लोकांकडे थोडंथोडं पाणी आहे, आणि ते सगळं एका गाड्यात ओतून सारखं वाटलं जाणार आहे. माझं पाणी ओतलं काय, न ओतलं काय, कुणाही एकाला कळणारसुद्धा नाही. तरी ओतावं का? पार्फिटचं उत्तर 'हो' आहे, पण तिथे पोचायला त्याला बरीच पायपीट करावी लागते.

टोमॅटोत ती पायपीट वाचते, आणि याचं कारण नीतिशास्त्रात नाही, फुलात आहे. आपल्या नेहमीच्या टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसर पुंकेसरांच्या शंकूच्या आत लपलेला असतो. फूल स्वतःचं स्वतःच फळतं. मधमाशी बाहेरचे पराग आणते, पण फार क्वचित. त्यामुळे सरळ वाणाचं एक निरोगी झाड म्हणजे जवळजवळ ते अख्खं वाण. मक्याचं असं नाही. तो वाऱ्यावर फळतो, आणि मूठभर झाडांवरून बी धरत राहिलं तर काही पिढ्यांत वाण खुरटतं. त्याला शेकडा झाडांचं रान लागतं. कांद्याचंही तेच, वर त्याला बी यायला दुसरं वर्ष उजाडावं लागतं. कांद्याचं वाण बाल्कनीत जपतो असं कुणी म्हटलं, तर ती हौस आहे. टोमॅटोचं म्हटलं, तर ते शब्दशः खरं असू शकतं. एका फळात शे-सव्वाशे बिया सहज निघतात आणि कोरड्या, थंड जागी त्या चार-पाच वर्षं टिकतात. माझी कुंडी गाड्यात ओतलेला पेला नाही; वाण दुर्मीळ असेल, तर ती अख्खा गाडा असू शकते.

अर्थात याची तुलना कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याशी कुणी करू नये. अकोले तालुक्यातल्या त्या गावात त्यांनी शेकडो गावरान वाणांचं बी राखलं, तेही ज्या शेतावर घर चालायचं त्याच शेतावर. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती हौसेबद्दल नव्हे. माझ्यासारख्याच्या बी राखण्यात तर त्यागसुद्धा नाही. चांगलं कणीस बियाला ठेवायचं तर ते खाता येत नाही. टोमॅटोत गर कोशिंबिरीत जातो आणि बुळबुळीत बिया वाटीत. दोनतीन दिवस त्या आंबू द्यायच्या, वरचा फेस ओतून टाकायचा, धुऊन ताटलीत वाळवायच्या. फक्त घरात वास येतो, तो घरच्यांचा त्याग.

खरी जबाबदारी येते ती बी दुसऱ्याला देताना. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क दिला आहे; संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट. हक्क स्पष्ट आहे, पण हक्कासोबत शब्दही जातो. बाजारातून आणलेल्या चांगल्या फळाचं बी काढून 'गावरान' म्हणून वाटणारे पुष्कळ भेटतात. ते बी बहुधा एफ-1 फळातलं असतं. त्यातून काय निघेल ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. ते पेरायला काहीच हरकत नाही. सहा-आठ पिढ्या नेटाने निवड करत गेलात, तर त्यातून तुमचं स्वतःचं सरळ वाणही उभं राहील. पण नाव खोटं घातलं, तर घेणाऱ्याचा एक हंगाम जातो, आणि त्यातला एखादा पुढे तेच नाव सांगत आणखी दहा जणांना देतो. वाण टिकतं ते बियात जितकं, तितकंच पाकिटावरच्या अक्षरात. म्हणून मी लिफाफ्यावर वाणाचं नाव, बी कुठून आणलं, कोणत्या साली धरलं आणि शेजारी दुसरं कोणतं टोमॅटोचं झाड होतं, एवढं लिहितो. नाव माहीत नसेल तर 'नाव माहीत नाही' असंच लिहितो. लोकांना ते आवडत नाही. बिननावाच्या बियांचे लिफाफे शेवटपर्यंत पडून राहतात.

चारपैकी तीन कुंड्यांत सध्या सरळ वाणं आहेत. चौथीत अर्का रक्षक आहे, कारण आईला सारासाठी खात्रीचे टोमॅटो लागतात आणि तिच्या जेवणावर मी माझे सिद्धांत तपासणार नाही. मागच्या हंगामात तिघांपैकी एकाच्या पानांवर मोझॅकसारखे डाग आले. असे काही विषाणू बियाच्या सालीवर बसून पुढे जातात. ते बी दुर्मीळ वाणाचं होतं आणि दोघांनी आधीच मागून ठेवलं होतं. त्यांना नाही म्हणून कळवलं. झाड उपटलं. पिकलेली सात-आठ फळं होती, ती सारात गेली.