डोळे कुणाचे?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका आजींनी मला वाटेत अडवले. त्यांच्या घरी नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे. म्हणाल्या, "गुर्जी, देव्हारा काढला त्ये बरंच झालं. पर पोरास्नी आता धाक कुणाचा?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. रात्री विचार करताना एक जुना चित्रपट आठवला. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ'. कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिचे मूळ आपल्याच माणदेशात.

महादेवाच्या डोंगररांगांखालचा हा मुलूख. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि इकडे नुसता वारा येतो. इथे आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत सुरू केली. पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांचा या प्रयोगात पुढाकार होता. खुनाची शिक्षा झालेली माणसे इथे आणली. त्यांना ना तट, ना बेड्या. बायकापोरांसह राहायचे आणि माळ कसायचा.

चित्रपटात एक जेलर सहा खुनी कैद्यांना अशाच उजाड माळावर नेतो. बारा हात माळ फोडतात, भाजी पिकवतात, रास्त भावाने विकतात. व्यापाऱ्यांचा धंदा बसतो. बाजारात कैद्यांना मार पडतो. पण ते हात उचलत नाहीत, कारण जेलरला शब्द दिलेला असतो. एकदा ते पळून जाऊ पाहतात, तेव्हा जेलरचे दोन डोळे मनासमोर येतात आणि ते परततात. शेवटी बैलाशी झुंजताना जेलर मरतो, तरी ते डोळे त्यांच्यावर राहतातच.

इथे आजींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कुणीतरी पाहत आहे म्हणून जो वाईट करीत नाही, तो सुधारला असे म्हणावे काय?

एक फरक आधी पाहू. धाकाचे डोळे आणि विश्वासाचे डोळे सारखे नसतात. धाक माणसाला लपायला शिकवतो. विश्वास टाकला की तो मोडताना माणसालाच लाज वाटते. जेलरचे डोळे दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणून त्यांनी काम केले. तरीही ते दुसऱ्याचेच डोळे.

खऱ्या स्वतंत्रपुरात कैद्यासमोर कोण होते? चुलीपुढे बसलेली त्याची बायको, अंगणात खेळणारे पोर, आणि आपण पाणी दिले नाही तर वाळून जाणारे पीक. आपल्या वागण्यावर कुणाचे तरी जगणे अवलंबून आहे, हे त्याला रोज दिसत होते. धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य संबंध, असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची कथाही आहे. हा ग्रंथही १९५७ सालचाच. राजा ज्याला पकडायला निघाला होता, तो दरोडेखोर भिक्खू झालेला त्याला दिसला. पुढे लोकांनी दगड मारले तरी अंगुलिमालाने हात उचलला नाही. त्याला आवरणारा पहारेकरी आता बाहेर नव्हता.

माझ्या वर्गात पूर्वी मॉनिटर असे. मी बाहेर गेलो की तो बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही. मुले गप्प बसत. मात्र मॉनिटरच्या मित्रांची नावे फळ्यावर कधी येत नसत. शेवटी मी ती पद्धत बंद केली आणि वाचनपेटीची किल्ली मुलांच्याच हाती दिली. पहिला आठवडा नुसता गोंधळ. दोन पुस्तके गेली. काही दिवसांनी एक परत आले. कुणी ठेवले, ते मी विचारले नाही. पण त्यानंतर पेटी मुलेच मोजू लागली.

म्हणून आजींना मी आता असे सांगेन: देव्हाऱ्याच्या जागी तथागतांची तसबीर लावून "बुद्ध बघतोय" असे पोरांना भिववू नका. नातवाच्या हाती बाजाराचे पैसे द्या. चुकला तर कोण बघत होते ते विचारू नका. कुणाचे नुकसान झाले ते त्यालाच सांगू द्या. याला वेळ लागेल. आमच्या पेटीतले दुसरे पुस्तक अजून आलेले नाही. किल्ली मात्र मी परत घेतलेली नाही.