शस्त्राचें परिवर्तन

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, तेव्हां सरकारी कोठारांत लक्षावधि बंदुका शिल्लक होत्या. त्यांत १८६१ च्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड बंदूक प्रमुख होती. तिची नळी ४० इंच लांब, दारू व गोळी नळीच्या तोंडांतून भरावयाची, आणि नळीच्या आंत पेंचाप्रमाणें वळत गेलेल्या तीन खांचा. या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत सुटे आणि दूरच्या माणसाचा अचूक वेध घेई. परंतु मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या आणि हें शस्त्र जुनें ठरलें. घरीं परतणाऱ्या शिपायास आपली बंदूक ६ डॉलरांत विकत घेण्याची मुभा मिळाली. पुढें उरलेला माल व्यापाऱ्यांनीं पडत्या भावानें उचलला. त्यांतील कित्येक बंदुकांच्या नळ्या आंतून तासून खांचा नाहींशा करण्यांत आल्या, नळ्या आंखूड केल्या, पुढचें लांकूड कापून टाकलें, आणि छर्ऱ्यांची स्वस्त बंदूक म्हणून त्या शेतकऱ्यांस विकल्या. काल माणसें टिपणारें शस्त्र आज पांखरें व ससे टिपूं लागलें.

जुन्या शस्त्रांचा संग्रह करणारे लोक अशा बंदुकीस बिघडविलेली समजतात; मूळ रूपांत राहिलेल्या तिच्या बहिणीस ते पुष्कळ अधिक मोल देतात. संग्राहकाच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु नीतीच्या दृष्टीनें पाहतां प्रश्न उलटतो : ती बंदूक बिघडली, कीं सुधारली?

सुधारली, असें घाईनें म्हणवत नाहीं. या पालटाच्या मुळाशीं पश्चात्ताप नव्हता. व्यापाऱ्यानें नफा पाहिला, शेतकऱ्यानें आपली निकड पाहिली. आणि सशाला विचाराल तर तो म्हणेल, मला यांत सुधारणा कांहींच दिसत नाहीं. शिवाय छर्ऱ्यांनीं जवळच्या माणसाचाही प्राण जातो. एवढें मात्र खरें कीं, तासलेल्या खांचा पुनः उमटत नाहींत. ज्या शिपायानें आपली बंदूक जशीच्या तशी भिंतीला टांगली, त्याला ती उद्यां काढून पुनः तसाच नेम धरतां आला असता. शेतकऱ्याच्या बंदुकीला तो मार्ग उरला नव्हता. मग ज्याला परतीची वाट नाहीं, तेंच खरें परिवर्तन मानावयाचें काय?

येथें आपल्याच देशांतील एक गोष्ट आडवी येते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारनें हिंदी पलटणींसाठीं एन्फील्ड बंदुकीचाच एक नमुना काढला. तो बाहेरून तसाच, पण आंतून गुळगुळीत. गोऱ्या शिपायाच्या नळींत खांचा राहिल्या, हिंदी शिपायाच्या नळींतून त्या गेल्या. त्याची गोळी दूरवर नेमकी पोंचूं नये, हा हेतु. कारागिरी जवळजवळ तीच. पण हिला कोणी सुधारणा म्हणेल काय? तो उघड अविश्वास होता. दुसऱ्यानें आपली परतीची वाट बुजविली म्हणजे आपण शांतिप्रिय होत नाहीं, केवळ दुबळे होतों.

म्हणून लोखंडाचा हा दाखला माणसास पुरता लागू पडत नाहीं. आणि जेथें तो पडत नाहीं तेथेंच त्याची शिकवण आहे. बंदुकीच्या खांचा दुसरा तासतो. माणसानें आपल्या मनाच्या खांचा स्वतः तासावयाच्या असतात. दोघां भावांचा वाटणीचा तंटा मिटतो, येणें-जाणें सुरू होतें, सणाला एका पंक्तीला पानें मांडलीं जातात. तरी जुन्या भांडणाचीं पत्रें ट्रंकेच्या तळाशीं जपून ठेविलेलीं असतात. न जाणो, उद्यां वेळ आली तर! ही क्षमा नव्हे. ती तेल लावून भिंतीला टांगलेली बंदूक होय. कोणी म्हणेल, अपकाराची शक्तीच ज्यानें टाकून दिली त्याच्या चांगुलपणाचें कौतुक कसलें? पण त्याचें पुण्य नंतरच्या असमर्थतेंत नसतें; हात मोकळा असतांना, नेम साधत असतांना, त्यानें तीं पत्रें चुलींत घातलीं, त्या एका क्षणांत तें असतें. तो क्षण गांठणें कठीण खरें. पण तोंपर्यंत तह झाला असें म्हणावें. समेट झाला असें म्हणूं नये.