ओळखीच्या शब्दाची ओळख

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीला जे शब्द भेटतात, त्यांत ‘रन’ असतो. रन म्हणजे धावणे, एवढं पाठ करून मूल पुढच्या शब्दाकडे वळतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक कोशकार मात्र या शब्दापाशी नऊ महिने थांबले. त्यांचं नाव पीटर गिलिव्हर. शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद त्यांनी मुळापासून तपासली, आणि काम पुरं झालं तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले होते. त्याआधी, १९८९ च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तोही असाच, लहान मुलाच्या तोंडी असलेला शब्द.

सहाशे पंचेचाळीस अर्थ एका शब्दात मावतात तरी कसे? इंग्रजी बोलणाऱ्या घरातला एखादा साधा दिवस डोळ्यांपुढे आणावा. नळातून पाणी वाहतं, ते रन. सर्दीनं नाक वाहतं, तेही रन. अंगात ताप असला तरी हेच क्रियापद. पहिल्या धुण्यात लाल कापडाचा रंग सुटून पांढऱ्या सदऱ्याला लागला, तरी हेच. डब्यातली साखर संपली, रस्त्यात जुना मित्र अचानक भेटला, उधारी वाढत गेली, धोका पत्करला, मोटारीखाली कुत्रं आलं, या साऱ्या ठिकाणी ‘रन’ला एखादं छोटं शेपूट जोडलं की काम भागतं. कुणी दुकान चालवतं, कुणी शाळा, तेही रन. वर्तमानपत्र बातमी छापतं, संगणक आज्ञावली चालवतो, एखादा आजार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. याशिवाय नाम म्हणून वापरलं तर नाटकाचे लागोपाठ होणारे प्रयोग म्हणजे रन, आणि बँक बुडणार या भीतीनं ठेवीदारांनी एकाच वेळी पैसे काढायला केलेली गर्दी म्हणजेही रन.

हे अर्थ संपादकांनी टेबलाशी बसून सुचवलेले नाहीत. या कोशाची रीतच अशी, की प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ प्रत्यक्ष वापरला गेल्याचे दाखले द्यायचे, जुन्यातल्या जुन्या दाखल्यापासून पुढे, काळाच्या क्रमानं. कुणीतरी पुस्तकात, पत्रात, कायद्यात, वर्तमानपत्रात तो शब्द तसा लिहिलेला असावा लागतो. त्यामुळे ही नोंद वाचणं म्हणजे हजारभर वर्षांत इंग्रजी बोलणारी माणसं काय काय करत आली, हे वाचणं आहे.

सुरुवातीच्या इंग्रजीतही या शब्दात दोन हालचाली होत्या, पायांनी धावण्याची आणि पाण्याच्या वाहण्याची. जर्मन भाषेत त्यांचे दोन वेगळे शब्द आजही आहेत, ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात राहिल्या. पुढे जे जे अडथळ्याविना सलग पुढे जाताना दिसलं, त्याला लोक हा शब्द देत गेले. मग यंत्रयुग आलं. गिरण्या, इंजिनं, आगगाड्या दिवसरात्र चालू लागल्या, वेळापत्रकं आली, कारखाने चालवणारे आले. या नव्या जगासाठी नवा शब्द घडवत बसायची गरज कुणाला भासली नाही. घरातला जुना शब्दच कामाला लावला गेला. संगणक आला तेव्हाही तेच झालं. ‘रन’चा पसारा इतका वाढला त्यात यंत्रांचा वाटा मोठा आहे.

एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांचे स्वभावही या शब्दापाशी वेगळे होतात. अमेरिकेत निवडणुकीचा उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. कृती एकच, पण एकाला त्यात धाव दिसली आणि दुसऱ्याला लोकांपुढे उभं राहणं. मराठीत आपणही निवडणुकीला उभे राहतो.

क्रिकेटच्या हातानं हा शब्द आपल्याकडे आला आणि मैदानातल्या मुलांनी तो सहज आपला केला. ‘किती रन झाले?’ हा प्रश्न विचारायला इंग्रजी यावं लागत नाही. या रनमध्येही अर्थ कसा सरकतो ते पाहण्यासारखं आहे. फलंदाज या टोकाकडून त्या टोकाकडे धावला म्हणून तो रन. पण चेंडू सीमारेषेपार गेला की एक पाऊलही न धावता चार मिळतात, जमिनीला न टेकता गेला तर सहा. धावणं गळालं आणि मोजणी उरली, तरी शब्द राहिला. आपल्या मराठी समालोचकांनी ‘धाव’ हा शब्द रुळवला, आणि त्यानंही न धावता मिळालेल्या चार धावा तक्रार न करता पोटात घेतल्या. सुतारकाम करणारे लांबीचा हिशेब ‘रनिंग फुटा’वर सांगतात, तिथे तर धावण्याचा मागमूसही नाही. रुंदी बाजूला ठेवून सलग लांबी मोजायची, एवढंच त्यात आहे. तरी ‘सलग’ या कल्पनेत मूळ धागा शिल्लक आहेच.

लहानशा शब्दांनाच इतके अर्थ का चिकटावेत? अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ यांनी १९४५ साली शब्दांची वारंवारता आणि त्यांच्या अर्थांची संख्या यांचा संबंध तपासला. जो शब्द अधिक वापरला जातो त्याला सहसा अधिक अर्थ असतात, असं त्यांना आढळलं. ‘ऑक्सिजन’ या शब्दाला एक अर्थ पुरतो, कारण तो एका कामासाठी घडवला आहे. ‘रन’, ‘सेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांना ठरवून दिलेलं काम नाही. नवी गोष्ट समोर आली की माणूस हाताशी असलेल्या शब्दाकडेच वळतो, आणि हाताशी असतात ते हेच.

हे इंग्रजीपुरतं मुळीच नाही. आपल्या ‘लागणे’ या क्रियापदाकडे पाहावं. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, पैसे लागतात. बस लागते ती स्थानकात फलाटालाही आणि घाटात प्रवाशालाही. पदार्थ गोड लागतो, करपला तर तळाला लागतो. कुणाचं बोलणं मनाला लागतं, कुणाचं मन कामात लागत नाही. ‘हे तुमचे कोण लागतात?’ असं आपण नातं विचारतो. चार वर्षांचं मराठी मूल हे सगळं न चुकता बोलतं, आणि मोठेपणी मराठी शिकणारा माणूस या एका क्रियापदापाशी महिनोन्‌महिने अडतो. आपल्याला ते अवघड वाटत नाही, कारण त्यात काही आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

ऑक्सफर्डच्या कोशाच्या इतिहासात याच दुर्लक्षाची एक लखलखीत नोंद आहे. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकपद स्वीकारलं. त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंसेवक वाचक जुनी-नवी पुस्तकं वाचून शब्दांचे दाखले चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत होते. मरे यांनी त्या चिठ्ठ्या लावायला घेतल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. ‘अब्यूझन’ या केव्हाच मागे पडलेल्या शब्दाचे पन्नासएक दाखले जमले होते, आणि रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’चे पाचसुद्धा नव्हते. वाचकांनी आळस केला नव्हता. दुर्मीळ शब्द दिसला की डोळे थांबत, साधा शब्द आला की पुढे जात. मग त्या साध्या शब्दांचे दाखले शोधण्यात संपादकांचे मोलाचे तास खर्ची पडले. मरे यांनी वाचकांना नवं आवाहन केलं, त्यात नेहमीच्या शब्दांचेही दाखले पाठवा असं मुद्दाम सांगितलं. दहा वर्षांत संपेल असं वाटलेलं ते काम १८८४ साली पहिल्या भागाच्या रूपानं बाहेर पडू लागलं आणि १९२८ साली पूर्ण झालं. १९१५ साली वारलेल्या मरे यांना ते पूर्ण झालेलं पाहता आलं नाही. जगभरातून आलेल्या त्या लाखो चिठ्ठ्या लावायला त्यांची मुलंसुद्धा हातभार लावत असत.

मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती कोशकाराची वृत्ती. ‘हा शब्द मला येतो’ असं म्हणून तो पुढे जात नाही. जन्मापासून बोलत आलेला शब्द तो समोर ठेवतो आणि विचारतो, तू नेमका कुठे कुठे राबतोस? एकेक वाक्य वाचतो. या वाक्यातला अर्थ मागच्यासारखाच आहे की थोडा सरकला आहे, हे ताडून पाहतो. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीवरून कळतो, म्हणून शेजारचे शब्दही तेवढ्याच काळजीनं वाचतो. ज्ञान म्हणजे नेहमी अनोळखी गोष्टींकडे जाणं, असा आपला समज असतो. इथे एक विद्वान माणूस पूर्ण ओळखीच्या गोष्टीकडे जातो, आणि नऊ महिन्यांनी सांगतो की यात सहाशेवर अर्थ आहेत.

अतिपरिचयानं अवज्ञा होते, असं आपल्याकडे म्हणतात. शब्दांच्या बाबतीत ते जितकं खरं, त्याहून माणसांच्या बाबतीत अधिक खरं आहे. ज्याच्याशी वर्षातून एकदा भेट होते, त्या पाहुण्याचं बोलणं आपण कान देऊन ऐकतो. घरातल्या माणसाचं वाक्य सुरू होताच, ते काय म्हणणार हे आपल्याला ठाऊक असतं, किंवा तसं वाटत असतं. ‘आई म्हणजे काळजी करणारी’, ‘बाबा म्हणजे कमी बोलणारे’, असा एकेक अर्थ लहानपणी पाठ केलेला असतो. तोच पुढे जन्मभर पुरवला जातो. पण घरात जे माणूस सर्वांत जास्त कामी पडतं, त्याच्या वागण्यातच सर्वांत जास्त छटा असतात. आईचं ‘जेवलास का?’ कधी चौकशी असते, कधी रुसवा सोडल्याची खूण, कधी ‘तुझ्याशी थोडं बोलायचं आहे’ याची सुरुवात. बाबांचं ‘ठीक आहे’ कधी होकार असतो, कधी दमणूक, कधी न बोललेलं दुःख. शब्द तेच, प्रसंग निराळे. प्रसंग पाहिल्याशिवाय अर्थ कळत नाही, हा कोशकाराचा नियम घरातही तितकाच लागू आहे.

याला नऊ महिने द्यावे लागत नाहीत. आजच्या दिवसापुरतं एवढं करता येईल. रोजच्या एका माणसाचं रोजचंच वाक्य ऐकलं की लगेच उत्तर न देता क्षणभर थांबावं, आज ते कोणत्या अर्थानं आलं आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, दिवसाच्या वेळेवरून पाहावं, आणि कळलं नाही तर सरळ विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या कोशानं एका बालवर्गातल्या शब्दाला तो मान दिला. आपल्या माणसांचा त्यावरचा हक्क त्याहून कितीतरी मोठा आहे.