दोष मागणाऱ्याचाच?

मुलांच्या मालिकांवर रागावणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. अशाच एका विद्वान स्नेह्यांनी यंदा उन्हाळ्यात भर सभेत निकाल दिला, की दिव्यातल्या राक्षसाच्या आणि जादूच्या पेन्सिलीच्या गोष्टींनी दोन पिढ्या आयतखाऊ झाल्या. मागितलं की मिळतं, कष्ट नकोत, अशी मुलांची समजूत झाली म्हणे. टाळ्याही पडल्या. या स्नेह्यांनी असला एक तरी भाग शेवटपर्यंत पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

पाहिला असता तर त्यांना तो आवडला असता, हीच गंमत. 'सोनपरी' घ्या, 'शाका लाका बूम बूम' घ्या, नाहीतर १९७० पासून जपानी मुलांना आणि पुढं आपल्या मुलांना खिळवून ठेवणारा 'डोरेमॉन' घ्या. नोबिता रडत येतो, निळं यंत्रमांजर पोटाच्या पिशवीतून एखादं अजब साधन काढतं, नोबिता ते नको तितकं वापरतो आणि तोंडावर आपटतो. मागणं, मिळणं, फसणं. एखाद्या कीर्तनकारानं उत्तररंगाला घ्यावं असं हे आख्यान आहे. आळस शिकवण्याचा आरोप त्याच्यावर करणं म्हणजे 'लोभ धरू नये' सांगणाऱ्या बुवालाच लोभी ठरवणं.

बरं, बंदीवाल्यांना जादूचं वावडं असतंच असंही नाही. बांगलादेशानं २०१३ साली 'डोरेमॉन'चं प्रक्षेपण थांबवलं, ते मुलं हिंदी बोलू लागली म्हणून. पाकिस्तानात पंजाबच्या विधानसभेत २०१६ साली त्याच्यावर बंदीचा ठराव आला. आम्हा धारवाडकडच्या लोकांना यात नवं काही दिसत नाही. कन्नड चित्रसृष्टीनं १९६० च्या दशकापासून डबिंगला दार बंद ठेवलं. इच्छा चांगली होती : कन्नड टिकावी, कन्नड कलावंताला काम मिळावं. ती पुरीही झाली. फक्त घराघरांत लोकप्रिय कार्टून हिंदीतून येत राहिली आणि शाळेत कन्नड, घरात मराठी बोलणारं पोरही जादूच्या वस्तू हिंदीतून मागू लागलं. २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगानं या अडवणुकीबद्दल संघटनांना दंड केला, तोवर एक पिढी मोठी झाली होती. फसलेल्या वराचं याहून चोख उदाहरण अरबी कथांत शोधावं लागेल.

इथवर मी या मालिकांचा वकील आहे. पण वकीलपत्र घेऊन त्या बारकाईनं पाहायला लागलं की एक गोष्ट खुपू लागते. प्रत्येक भागात खटला एकावरच चालतो : मागणाऱ्यावर. देणारा कायम निर्दोष. नोबितानं चूक केली हे खरं; पण कालच वस्तूचा घोळ घातलेल्या पोराच्या हाती आज नवी वस्तू देतो कोण? त्या मांजराला कुणी कान धरून उभं केल्याचं मला आठवत नाही.

ही खोड जपान्यांचीच आहे असंही नाही. कुंभकर्णानं घोर तप केलं. वर मागायची वेळ आली, तेव्हा ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून सरस्वती त्याच्या जिभेवर बसली आणि त्याच्या तोंडून झोप मागवून घेतली. आजच्या भाषेत याला फसवणूक म्हणतात. आणि आपण हजारो वर्षं हसतो कुणाला? कुंभकर्णाला.

या सगळ्या प्रकारातली सर्वांत निर्दय गोष्ट डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकानं १९०२ साली लिहिली : 'द मंकीज पॉ'. तिच्यातला माकडाचा वाळका पंजा हिंदुस्थानातून आलेला आहे. माणसाचं आयुष्य नियती चालवते आणि तिच्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे दाखवण्यासाठी एका फकिरानं त्याला मंत्र घातलेला. व्हाइट नावाचं साधं कुटुंब त्याच्याकडे घराचं कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड मागतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस दारात येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला. कंपनी जबाबदारी घेत नाही. पण त्याच्या सेवेची जाणीव ठेवून काही रक्कम देऊ करते. रक्कम दोनशे पौंड.

समीक्षक इथं नियतीबद्दल बोलतात. मला ही गोष्ट बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत घडल्यासारखी दिसते. धारवाडहून बेळगावकडे निघालं की महामार्गालगत हा पट्टा लागतो. आजूबाजूच्या गावांनी इथं कारखान्यांचं स्वप्न पाहिलं, तेही काही हावरटपणानं नव्हे; घरातल्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता पगार मिळावा, एवढंच मागणं. पाळी संपवून फाटकाबाहेर पडणाऱ्या कामगाराला जेकब्जची गोष्ट सांगितली, तर तो फकिराची चौकशी करणार नाही. तो विचारेल : जबाबदारी नाही, तर पैसे कशाचे दिले? आणि आकडा कुणी ठरवला?

याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नियतीपुढं माणूस किती क्षुद्र, हे मराठीत त्यांच्याइतकं भेदकपणे कुणी लिहिलं नाही. त्यांच्या कथांपुढं मी आजही मान झुकवतो, पण या एका मुद्द्यावर झुकवणार नाही. माणूस यंत्रात सापडतो, तेव्हा नियतीचं नाव घेणं मालकाच्या सोयीचं असतं. यंत्राला जाळी होती का, हे नियतीला विचारता येत नाही, मालकाला येतं. आणि लहान मुलासाठी लिहिताना, 'बखर बिम्मची'त, खुद्द जीएंनीही नियतीला उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

मग मुलांना सांगायचं काय? माझ्या मते सावित्री. तिनं आधी सासऱ्याची दृष्टी मागितली, मग त्याचं राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र. शेवटी सत्यवानापासून स्वतःला शंभर पुत्र मागितले, आणि 'तथास्तु' म्हणून बसलेला यम आपल्याच शब्दात अडकला. वडाला सूत गुंडाळण्याच्या भरात आपण तिची हुशारी विसरलो. पण सावित्रीवरही सारा भार टाकता येत नाही. प्रत्येक गरजवंतानं वकिलाइतकं चतुर असावं, ही अपेक्षाच देणाऱ्याला मोकळं सोडते. मोबाइलवर चार पानी अटींखाली 'मान्य' दाबणारं पोर सावित्री नसतं. त्या अटी लिहिणाऱ्यालाच बांधून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कायदा लागतो, संघटना लागते.

तेव्हा विद्वान स्नेह्यांनी मालिका बंद पाडण्याच्या फंदात पडू नये. त्यातली मुलं फार मागतात, हा त्यांचा दोष नाहीच. ती कमीच मागतात आणि देणाऱ्याला काही विचारत नाहीत. आईबापांना माझी विनंती एवढीच, की भाग संपल्यावर 'यातून काय बोध घेतलास?' असं विचारू नका. 'मागणं चुकलं, की देणं?' असं विचारा. आणि पोरानं उत्तर देऊन उलट तुम्हालाच जाब विचारला, तर त्याला उद्धट म्हणू नका.