नृत्याचा समय सरल्यावर

मननासाठी शास्त्रभाग : २ शमुवेल १९:३१-४०



उपदेशकाने मनुष्याच्या जीवनातील समय मोजताना शोकाच्या समयाशेजारी नृत्याचा समयही ठेवला आहे (उपदेशक ३:४). तेथील मूळ इब्री शब्दात उड्या मारीत, बागडत नाचण्याचा भाव आहे. देवाच्या वचनात अशा आनंदाला जागा आहे, याचे आपणांस पुष्कळदा विस्मरण होते. परंतु समय म्हटला की त्याला जसा आरंभ असतो तसा शेवटही असतो. तारुण्यात ज्या संगीताने अंगात चैतन्य संचारे, ज्या ठिकाणी जाण्यासाठी आपण आठवडाभर दिवस मोजीत असू, ते ठिकाण एके दिवशी बंद होते. किंवा ते चालूच राहते, पण आपले वय आपल्याला त्याच्या दारावरून पुढे घेऊन जाते. मग पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचे काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याला त्याचे उत्तर सापडत नाही, तो एक तर मागे पाहत राहतो, नाही तर कडवट होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण एका दूरच्या गावाकडे पाहू. इंग्लंडच्या वायव्य भागात विगन नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी आणि सूतगिरण्या ही त्याची जुनी ओळख. तेथील विगन कसिनो नावाच्या जुन्या नृत्यगृहात २३ सप्टेंबर १९७३ रोजी रात्रभर चालणारा डिस्को सुरू झाला. नाव कसिनो असले तरी तरुण तेथे जुगारासाठी नव्हे, तर नाचण्यासाठी येत. या रात्री तेथे मद्य विकले जात नसे. मध्यरात्र उलटल्यावर नृत्य सुरू होई आणि सकाळी आठ वाजता संपे. पाय सहज सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर पसरली जाई. ब्रिटनच्या कानाकोपऱ्यांतून तरुण-तरुणी कपड्यांच्या पिशव्या घेऊन येत. काही जण जागे राहण्यासाठी उत्तेजक गोळ्या घेत, हेही खरे आहे; ते झाकून या कथेला खोटी झळाळी देण्याचे कारण नाही.

ते ज्या गाण्यांवर नाचत, ती गाणी मात्र इंग्लंडची नव्हती. डेट्रॉइट, शिकागो अशा अमेरिकन शहरांतील कृष्णवर्णीय गायकांनी १९६० च्या दशकात गायिलेली, पुष्कळदा स्वदेशी न खपलेली ती सोल संगीताची गाणी होती. या संगीताचे मूळ कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांतील भक्तिगीतांत आहे. गुलामगिरीचे व्रण अंगावर असलेल्या लोकांनी उपासनेत उंचावलेला स्वर पुढे बाजारात गेला, आणि समुद्र ओलांडून कष्टकरी गोऱ्या मुलांच्या पायांत उतरला.

त्या डिस्कोची एक रीत होती. सकाळी आठ वाजण्यापूर्वी शेवटची तीन गाणी ठरलेली असत. पहिले गाणे सांगे की काळ तुला मागे टाकून निघून जाईल. दुसरे आजची रात्र संपून गेल्यानंतरच्या काळाविषयी बोले. आणि तिसऱ्यात गाणारा म्हणे की मी आता वाटेला लागलो आहे. वीस वर्षांची मुले त्या तीन गाण्यांवर नाचून पहाटेच्या थंडीत बाहेर पडत. शब्द त्यांना पाठ होते. पण त्यांचा अर्थ कळायला पुढची कित्येक वर्षे लागणार होती.

६ डिसेंबर १९८१ रोजी तेथे अखेरची रात्र झाली. ती तीन गाणी पुन्हापुन्हा लावूनही लोक जागचे हलेनात, असे सांगतात. शेवटी एक वेगळी तबकडी लावण्यात आली, आणि तेच तेथील शेवटचे गाणे ठरले. पुढच्या वर्षी त्या इमारतीला आग लागली आणि १९८३ साली ती पाडण्यात आली. २००७ साली त्या जागी ग्रँड आर्केड नावाचे बाजारसंकुल उघडले. जेथे कोणी रात्रभर घाम गाळून नाचला, तेथे तोच मनुष्य पांढऱ्या केसांनी नातवंडांसाठी खरेदी करीत असेल.

प्रियांनो, आपल्यापैकी बहुतेकांनी विगन पाहिलेले नाही. परंतु ज्याच्या अंतःकरणात एखादे विगन नाही, असा मनुष्य विरळा. कोणाचे ते नाताळच्या आठवड्यातील नाचाचे सभागृह असेल, कोणाचा महाविद्यालयातील वाद्यवृंद, कोणाचे युवक संघाचे शिबिर, तर कोणाचे मंडळीतील गायनमंडळ. आठवडाभर यंत्रापुढे किंवा साहेबापुढे मान खाली घालून राबणाऱ्या तरुणाला तेथे नावाने हाक मारणारे सोबती भेटत. त्याला तेथे सहभागिता मिळत होती. त्या सहभागितेची भूक देवानेच मनुष्यात घातली आहे. म्हणून ती जागा गेली तरी भूक जात नाही.

ही भूक घेऊन जगताना दोन मोह आपल्यापुढे उभे राहतात. पहिला मोह मागे वळण्याचा. इस्राएल लोकांना अरण्यात मिसर देशातील मासे, काकड्या आणि कांदे आठवले (गणना ११:५). वेठबिगारी मात्र आठवली नाही. स्मृती अशीच निवडून साठवण करते. म्हणूनच पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा बरे का होते, असे विचारणे शहाणपणाचे नव्हे, अशी ताकीद उपदेशक देतो (७:१०). दुसरा मोह तुच्छतेचा. दावीद परमेश्वराच्या कोशापुढे नाचत असताना मीखल खिडकीतून पाहत राहिली आणि तिने मनात त्याला तुच्छ मानले (२ शमुवेल ६:१६). ज्यांचे नाचणे संपले आहे, त्यांना खिडकीत उभे राहून नाचणाऱ्यांना नावे ठेवणे फार सोपे जाते. त्यात स्वतःच्या तारुण्यालाही पाप म्हणून झटकून टाकले जाते. जे पाप होते त्याला पाप म्हणावेच. पण जे निर्मळ दान होते, तेही त्याच्याबरोबर केरात टाकू नये.

बालपणीच्या गोष्टींविषयी पौलाने जो शब्द वापरला आहे (१ करिंथ १३:११), तो येथे आपल्याला साहाय्य करील. मूळ ग्रीक क्रियापद आहे 'कातार्गेओ'. मराठीत आपण 'सोडून देणे' असे म्हणतो. परंतु मुळात त्या शब्दाच्या पोटी 'काम' हा शब्द आहे, आणि त्याचा भाव एखाद्या गोष्टीला कामातून मोकळे करण्याचा, तिचा अंमल संपवण्याचा आहे. हेच क्रियापद पौल आठव्या वचनात संदेश आणि विद्या यांविषयी वापरतो. संदेश ही वाईट गोष्ट आहे काय? मुळीच नाही. ते देवाचेच दान आहे. पूर्णत्व आले की त्याचे काम संपते, इतकेच. बालपणीच्या गोष्टीही तशाच. त्यांचा तिरस्कार करण्याची आज्ञा नाही. त्यांनी आपले काम केले, आता त्यांचा आपल्यावर अंमल नाही, एवढे ओळखायचे आहे. त्या डिस्कोचे काम एका तरुणाला काही वर्षे आनंद आणि सोबत देण्याचे होते. त्याच्या आयुष्याला अर्थ देण्याचे काम त्याला कधीच पेलणारे नव्हते.

आता आपल्या शास्त्रभागाकडे येऊ. बर्जिल्लय गिलादी ऐंशी वर्षांचा होता. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद पळून महनाईमास आला, तेव्हा याच वृद्धाने व त्याच्या सोबत्यांनी बिछाने, गहू, मसूर, मध, लोणी असे सर्व काही त्याला पुरवले होते (२ शमुवेल १७:२७-२९). बंड शमले. राजा त्याला म्हणाला, यरुशलेमास चल, मी तुझा सांभाळ करीन. तेव्हा बर्जिल्लयाने दिलेले उत्तर शास्त्रातील सर्वांत प्रामाणिक उत्तरांपैकी एक आहे. मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्या पुरुषांचा व स्त्रियांचा स्वर कानी पडत नाही, मग मी स्वामीला भार कशाला व्हावे, अशा आशयाचे तो बोलला.

तो काय बोलला नाही, तेही पाहा. राजाचे गायक वाईट आहेत, असे तो म्हणाला नाही. आमच्या काळचे गाणे काही निराळेच होते, असे म्हणाला नाही. बदल आपल्या कानांत झाला आहे, हे त्याने शांतपणे मान्य केले. आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. हा किम्हाम तुझ्याबरोबर येवो, असे म्हणून त्याने एका तरुणाला पुढे केले. मेजावरील जी जागा त्याच्यासाठी होती, ती त्याने रिकामी टाकली नाही आणि अडवूनही ठेवली नाही. ती त्याने दिली. राजाबरोबर तो यार्देनेपलीकडे थोडी वाट चालला, राजाने त्याचे चुंबन घेऊन त्याला आशीर्वाद दिला, आणि तो स्वस्थानी परत गेला. तो आशीर्वाद घेऊन परतला, हे विसरू नका. या कथेला सुमारे चारशे वर्षे लोटल्यावर यिर्मयाच्या ग्रंथात बेथलेहेमाजवळच्या एका ठिकाणाचा उल्लेख येतो : गेरूथ-किम्हाम, म्हणजे किम्हामाचा उतारा (यिर्मया ४१:१७). हा तोच किम्हाम असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर एका वृद्धाने सोडलेल्या जागेतून पांथस्थांना विसावा देणारे एक नाव उभे राहिले.

विगनच्या त्या अखेरच्या तबकडीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ते गाणे फ्रँक विल्सन नावाच्या डेट्रॉइटमधील मोटाऊन कंपनीच्या गीतलेखकाने १९६५ साली स्वतः गायिले होते. तेव्हा ते बाजारात आलेच नाही. बहुतेक तबकड्या नष्ट करण्यात आल्या. वाचलेल्या तबकड्यांपैकी एक २००९ साली पंचवीस हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली. मात्र गाणारा तोवर त्या वाटेवर राहिला नव्हता. १९७६ साली मोटाऊन सोडून तो ख्रिस्ताकडे वळला आणि पुढे सुवार्तेचा सेवक झाला; २०१२ साली तो प्रभूमध्ये निजला. १९८१ च्या त्या सकाळी ज्या स्वराला शेकडो तरुण बिलगून राहिले होते, त्या स्वराचा धनी केव्हाच पुढे निघून गेला होता.

प्रिय वाचकहो, तुमच्या मंडळीत आज एखादा किम्हाम गिटार घेऊन दाराशी उभा असेल. त्याची चाल तुमच्या कानांना रुचणार नाही. रुचलीच पाहिजे असेही नाही. पण उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील वडील मुलगा वाद्यांचा व नृत्याचा आवाज ऐकून बाहेरच थांबला (लूक १५:२५), हे ध्यानात ठेवा. पित्याच्या घरात गाणे होते आणि नृत्यही होते. उपाशी राहिला तो दाराबाहेर उभा राहिलेला. तुमचे पाय आता नाचत नसतील, तर तुमचे हात टाळी देऊ शकतात. तुम्ही एखाद्या तरुणाला तुमची जागा देऊ शकता, त्याच्या सोबत थोडी वाट चालू शकता, त्याला नावाने हाक मारू शकता. तुम्हाला तुमच्या विगनमध्ये जे मिळाले, ते आता तुम्ही कोणाला तरी देण्याचा समय आहे.

आणि ज्यांना वाटते की आपले सर्व चांगले दिवस मागे राहिले, त्यांना मी एवढेच सांगेन : आठ वाजता संपणारी रात्र आपल्या पित्याच्या घरची नव्हे. तेथील मेजवानी पुढे आहे, आणि तेथे ऐंशी वर्षांच्या कानांनाही गाणाऱ्यांचा स्वर पुन्हा ऐकू येईल.

हे प्रभो, आमच्या तारुण्यातील आनंदाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. जे संपले ते सोडण्याची नम्रता आणि जे मिळाले ते देण्याची उदारता आम्हांस दे. आमेन.